प्लास्टर निघालं, आता पुढे?

पाय मुरगळला की घरात सल्ल्यांना तोटा नसतो. आजी आंबेहळद उगाळायला घेते, शेजारचे काका हाडवैद्याचा नंबर शोधायला लागतात आणि ‘शीर चढली असेल, चांगलं चोळून घे’ यावर सगळ्यांचं एकमत होतं. लेपाबद्दल माझी तक्रार नाही. कातडी सोललेली नसेल तर खुशाल लावा. पण चोळू नका. पाऊल आत वळून घोटा मुरगळतो तेव्हा बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध ताणले जातात, कधी थोडे फाटतात. आत रक्त साकळतं, सूज येते. ताज्या दुखापतीवर जोर काढून चोळलं की सूज वाढते, आणि हाड तडकलेलं असेल तर भलतंच होऊन बसतं.

कोपराच्या बाबतीत चोळणं तर मी गुन्हाच मानते. कोपर निखळल्यावर किंवा जवळचं हाड मोडल्यावर जोराचं मालिश आणि ओढाताण केली, तर स्नायूच्या आतच हाड तयार व्हायला लागण्याचा धोका असतो. मग तो हात ना पुरता सरळ होतो, ना पुरता वाकतो. झाडावरून पडलेली आणि मग आठवडाभर तेलाने रगडलेली अशी मुलं आमच्याकडे अजूनही येतात.

मुरगळलेल्या पायाचा एक्स-रे काढायचा की नाही, हे ठरवायला कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये काही साधे नियम मांडले. ते जगभर वापरले जातात आणि घरीही उपयोगी पडतात. घोट्याच्या दोन्ही बाजूंना हाडाचे जे उंचवटे आहेत, त्यांच्या टोकावर आणि मागच्या कडेवर बोटाने दाबून पाहा. पावलाच्या बाहेरच्या कडेला, करंगळीच्या लांब हाडाच्या बुडाशी एक टणक गाठ लागते, तिथे दाबा. आतल्या बाजूला, कमानीच्या वरच्या हाडावर दाबा. यांपैकी नेमक्या हाडावर दुखलं, किंवा लंगडत का होईना, चार पावलं टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढा. लहान मुलं आणि मधुमेहाने पायाची संवेदना कमी झालेली माणसं यांच्याबाबतीत मात्र या नियमांवर विसंबू नका, सरळ डॉक्टर गाठा.

हाड शाबूत आहे असं कळलं की पुढचा प्रश्न विश्रांतीचा. ‘आराम करा, बर्फ लावा, पट्टी बांधा, पाय उंच ठेवा’ हा मंत्र लोकप्रिय केला अमेरिकेतले डॉक्टर गेब मिर्किन यांनी, १९७८ मध्ये. पुढे त्यांनीच स्वतः लिहिलं, की बर्फ आणि पूर्ण विश्रांती या दोन्हींमुळे जखम भरून यायला उशीर होत असावा. दुखापतीनंतरचा दाह ही शरीराची दुरुस्तीची पहिली पायरीच असते. ती पुरती दाबून टाकण्यात शहाणपण नाही. दुखणं सुसह्य व्हावं म्हणून पहिले एक-दोन दिवस, फडक्यात गुंडाळून, दहा-पंधरा मिनिटं बर्फ लावायला हरकत नाही. त्याने बरं वाटतं, आणि तेवढंच त्याचं काम.

आता विश्रांतीचा हिशेब. साध्या मुरगळीला दोन-तीन दिवस पाय जपावा लागतो, उंच ठेवावा लागतो, क्रेप बँडेज बांधावं लागतं. तिथून पुढे पडून राहण्याने फायदा होत नाही, तोटाच होतो. फाटलेला अस्थिबंध भरून येताना नवे तंतू आधी कसेही, कडब्याच्या गंजीसारखे अस्ताव्यस्त पडतात. ज्या दिशेने त्यांच्यावर ताण येतो, त्या दिशेने ते हळूहळू रांगेत लागतात. ताण आलाच नाही तर जोड तयार होतो, पण कच्चा. ही रचना पक्की व्हायला काही महिने लागतात. दुखणं मात्र दोन-तीन आठवड्यांतच ओसरतं. ‘दुखत नाही’ म्हणजे ‘बरं झालं’ अशी गाठ आपण मनाशी बांधतो, आणि तोच घोटा सहा महिन्यांनी पुन्हा मुरगळतो.

म्हणून तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून कामाला लागायचं. पलंगावर बसून पाऊल वर-खाली करा आणि अंगठ्याने हवेत बाराखडी गिरवा. दुखण्याच्या बेताने पायावर वजन टाकत चाला. लंगडावं लागत असेल तर काठी घ्या, पण टाच आधी आणि मग बोटं हा चालण्याचा क्रम मोडू नका. आठवडाभरात ओट्याला धरून दोन्ही टाचा उचलता आल्या पाहिजेत. मग एका पायावर. चांगल्या पायावर सलग जितक्या वेळा टाच उचलता येते, तितक्याच वेळा दुखऱ्या पायावर उचलता येईपर्यंत हा व्यायाम सोडायचा नाही.

त्याहून महत्त्वाचा आणि सगळ्यात दुर्लक्षित व्यायाम तोलाचा. अस्थिबंधांत पाऊल कुठे आहे, किती कललंय याची खबर मेंदूला देणारी चेतातंतूंची टोकं असतात. मुरगळीत तीही दुखावतात. म्हणूनच ‘सपाट रस्त्यावरसुद्धा पाय वळतो हो’ अशी तक्रार येते. दात घासताना एका पायावर उभं राहा. जमलं की बेसिनचा हात सोडा. तेही जमलं की भिंतीजवळ उभं राहून डोळे मिटा. डोळे मिटल्यावर घोट्याची जी तारांबळ उडते, ती थांबवण्याचीच ही तालीम आहे. फुटबॉल, बास्केटबॉल खेळणाऱ्यांमध्ये अशा तालमीने मुरगळण्याचं प्रमाण कमी होतं, हे वारंवार दिसलेलं आहे. बाजारात मिळणारा घोट्याचा पट्टा खेळताना जरूर वापरा, पण तो या तालमीची जागा घेणार नाही.

प्लास्टरचं प्रकरण जरा वेगळं. तिथे हाड जुळेपर्यंत सांधा बंद ठेवणं भागच असतं, पण म्हणून सगळा हात बंद ठेवायचा नसतो. न्हाणीघरात पाय घसरून, हात टेकून पडल्यावर मनगटाजवळ होणारं फ्रॅक्चर घ्या. पन्नाशी-साठीनंतरच्या बायकांमध्ये ते फार आढळतं. प्लास्टर असताना बोटं, कोपर आणि खांदा मोकळे असतात, आणि ते दिवसातून अनेकदा हलवायचे असतात: मूठ घट्ट मिटा, पूर्ण उघडा, हात डोक्यावर न्या. हे कुणी सांगत नाही, किंवा सांगितलेलं घाईत ऐकलं जात नाही. मग पाच-सहा आठवडे हात झोळीत पोटाशी धरून बसलेल्या बाई येतात, त्यांचं मनगट तर आखडलेलं असतंच, वर खांदाही धरलेला असतो. मधुमेह असेल तर खांदा धरण्याची शक्यता आणखी जास्त.

प्लास्टर कापल्यावरचा हात पाहून घरची माणसं घाबरतात. कातडीचे पापुद्रे निघत असतात, दुसऱ्या हातापेक्षा तो बारीक दिसतो, लव दाट झालेली असते, बोटं जरा सुजलेली. यातलं बहुतेक सगळं जातं. पण ‘काकू, तीर्थ घेतात तसा तळहात वर करा बरं’ म्हटलं की काकू हात वर करतात तो खांद्यातून आणि कोपरातून. अख्खं शरीर एका बाजूला कलतं, तळहात मात्र भिंतीकडेच तोंड करून राहतो. हात पालथा-उताणा करण्याची ही हालचाल परत यायला सगळ्यात चिवट. तिच्यावाचून तीर्थ घेता येत नाही, सुटे पैसे घेता येत नाहीत, तोंड धुवायला ओंजळ होत नाही. यासाठी महागडं साधन नको, घरातलं लाटणं पुरे. कोपर कमरेशी चिकटवून काटकोनात वाकवा, लाटण्याचं एक टोक मुठीत धरा आणि ते हळूहळू एकदा आत, एकदा बाहेर कलू द्या. लाटण्याचं वजनच हात वळवायला मदत करतं. शेवटाला पाच मोजेपर्यंत थांबा. कोमट पाण्यात हात बुडवून केलं तर सोपं जातं. पुढे ओला रुमाल पिळणं, मग थोडी कणीक मळणं. पोळीला जोर लागतो. तिची घाई करू नका.

आणि हो, कुणी तुमचं आखडलेलं मनगट किंवा गुडघा पकडून तुम्ही किंचाळेपर्यंत वाकवत असेल, तर त्याला थांबवा. ‘फिजिओ म्हणजे रडवणारच’ ही प्रतिमा आमच्यापैकी काहींनीच मिळवलेली आहे. शस्त्रक्रियेनंतर गुडघा वाकवताना थोडं सोसावं लागतं, हे खरं. पण जबरदस्तीने सूज वाढते, आणि गुडघा सुजला की मांडीचा पुढचा स्नायू जणू संपावर जातो. सांध्यातल्या सुजेमुळे मज्जारज्जूच्या पातळीवरच त्या स्नायूला लगाम बसतो. मनात कितीही आलं तरी तो पुरता आवळता येत नाही. म्हणजे काल मिळवलेले दहा अंश आज व्याजासकट परत.

मग किती दुखलं तर चालेल? हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो, आणि त्याला ‘दुखलं की थांबा’ आणि ‘दुखल्याशिवाय गुण येत नाही’ अशी दोन चुकीची उत्तरं तयार असतात. मी देते ते उत्तर असं: शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही आणि दहा म्हणजे असह्य, असं धरलं तर व्यायाम करताना तीन-चारपर्यंतचं दुखणं चालतं. पण खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी. उठल्यावर दुखणं कालच्या सकाळइतकंच किंवा कमी असेल, सूज वाढलेली नसेल, तर मात्रा बरोबर आहे. वाढलेलं असेल तर व्यायाम बंद करू नका, निम्मा करा. टाचेच्या वरच्या जाड स्नायुबंधाच्या दुखण्यात तर हे आणखी स्पष्ट दिसतं. स्वीडनच्या अल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये अशा धावपटूंना पायरीच्या कडेवर उभं राहून टाच सावकाश खाली नेण्याचा व्यायाम दिला: पंधराचे तीन फेरे, दिवसातून दोनदा, बारा आठवडे, आणि तोही थोडं दुखत असताना. त्यांचं दुखणं कमी झालं आणि ते पुन्हा धावू लागले.

नव्याने व्यायाम सुरू केल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग आंबतं ती गोष्ट निराळी. लोक त्याचं खापर लॅक्टिक ॲसिडवर फोडतात; पण ते तास-दोन तासांत रक्तातून नाहीसं झालेलं असतं. आंबणं येतं ते सवय नसलेल्या स्नायूंतल्या सूक्ष्म इजेमुळे, आणि आपोआप जातं.

‘फिजिओ लावलाय’ असं लोक म्हणतात तेव्हा बहुतेकांच्या डोळ्यांसमोर यंत्र असतं. पॅड चिकटवून मुंग्या आणणारा ‘करंट’, थंड जेल लावून फिरवायचं अल्ट्रासाउंड, शेकाची शेगडी. रुग्णालाही हे आवडतं, कारण त्यात स्वतःला काही करावं लागत नाही. दहा दिवसांचं पॅकेज घेतलं, दहा दिवस जाऊन पडून आलं, झालं. या यंत्रांनी काही काळ दुखणं कमी वाटू शकतं आणि त्या सवलतीत व्यायाम करून घेता येतो, तेवढी त्यांची जागा. त्यांनी स्नायू बळकट होत नाहीत, तोल येत नाही. घरच्या शेकाबद्दल एक सूचना: मधुमेहींनी तळपायाला गरम पिशवी लावू नये. चटका कळत नाही आणि जखम महिनोन्‌महिने रेंगाळते.

मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं, तेव्हा पोलिओने पाय लुळे पडलेली मुलं हे या कामाचं मोठं कारण होतं. ती मुलं उभी राहिली ती व्यायाम, कॅलिपर आणि आईवडिलांची चिकाटी यांच्या बळावर. यंत्रांची चलती बरीच नंतरची.

कंबरेबद्दल लिहायचं तर वेगळा लेख लागेल, पण एमआरआयच्या कागदाला माणसं इतकी भितात की दोन शब्द लिहितेच. ‘मणक्यात गॅप आहे’, ‘गादी सरकली’, ‘नस दबली’ हे शब्द ऐकल्यापासून चांगली धडधाकट माणसं बादली उचलेनाशी होतात. कंबर अजिबात न दुखणाऱ्या तीन हजारांहून अधिक लोकांच्या तपासण्यांचा आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या चकत्यांमध्ये झीज दिसत होती, ऐंशीच्या घरात हे प्रमाण ९६ टक्के होतं. केस पांढरे व्हावेत तसं हे. फोटोत दिसतं ते सगळं दुखण्याचं कारण नसतं. आणि सरकलेली गादीही पुष्कळदा काही महिन्यांत आपोआप आक्रसते.

उसण भरल्यावर फळीवर पडून राहण्याचा सल्ला तर कधीच मोडीत निघायला हवा होता. हेलसिंकीत महापालिकेच्या कर्मचाऱ्यांवर झालेल्या आणि १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तीन गट केले होते: दोन दिवस अंथरुणात, ठरावीक पाठीचे व्यायाम, आणि जमेल तसं रोजचं काम चालू. सगळ्यात लवकर सावरला तो तिसरा गट. म्हणजे तीव्र दुखण्याच्या त्या पहिल्या दिवसांत व्यायामसुद्धा मागे पडला, साधं हिंडणं-फिरणं जिंकलं. मात्र पाय लुळा पडत असेल, बैठकीची जागा बधिर झाली असेल, लघवी-शौचाचा ताबा गेला असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. ताप किंवा घटतं वजन सोबत असेल तरी डॉक्टरांना दाखवायला उशीर नको.

गुडघ्यांचं ‘वंगण संपलं’ हे असंच एक वाक्य. कुर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण सांध्यातल्या द्रवातून होतं, आणि तो द्रव आत-बाहेर होतो सांध्यावर भार येण्या-जाण्याने. झिजतील म्हणून गुडघे वापरायचेच नाहीत, यात कुर्चेचीच उपासमार आहे. धावण्याने गुडघे जातात असं म्हणतात; २०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले तेव्हा हौसेने धावणाऱ्यांत खुब्याची-गुडघ्याची झीज ३.५ टक्के आढळली, बैठ्या लोकांत १०.२ टक्के. स्पर्धेत उतरणाऱ्या अव्वल धावपटूंत ती बैठ्या लोकांपेक्षाही जास्त होती, हेही त्याच अभ्यासात आहे, आणि ते सांगितल्याशिवाय कुणाला धावायला पाठवणं बरं नाही. दुखऱ्या गुडघ्यांना सुरुवातीला धावणं नकोच. खुर्चीवरून हात न टेकता उठा आणि सावकाश बसा. आठ-दहा वेळा, दिवसातून दोनदा. खुर्ची उंच वाटली तर बरंच, बुटकी वाटली तर वर उशी ठेवा.

जिने चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. काठी दुखऱ्या बाजूच्या नव्हे, चांगल्या बाजूच्या हातात. टीव्हीवरच्या मालिकांतले आजोबासुद्धा ती उलट्या हातात धरतात!

‘आता या वयात कसला व्यायाम’ म्हणणाऱ्यांसाठी एकच दाखला. बोस्टनच्या एका वृद्धाश्रमातल्या ८६ ते ९६ वर्षांच्या अशक्त रहिवाशांना आठ आठवडे पायांनी वजन उचलायला लावलं. १९९० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली होती. उलट डल्लसमध्ये १९६६ साली विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर ठेवलं. तीस वर्षांनी तेच पाच जण पुन्हा तपासले, तर तीस वर्षांच्या वयाने त्यांचा दम जितका घटवला नव्हता, तितका त्या तीन आठवड्यांनी घटवला होता. दुखऱ्या पायामुळे चालणं बंद असलं तरी हातांचे, दुसऱ्या पायाचे, श्वासाचे व्यायाम चालू ठेवा, असं आम्ही सांगतो ते यासाठी.

फिजिओथेरपिस्ट निवडताना पाटीवरची पदवी पाहा. बीपीटीएच ही विद्यापीठाची पदवी आहे, आणि महाराष्ट्रात राज्याच्या ओटीपीटी कौन्सिलकडे नोंदणी असावी लागते. पहिल्या भेटीत त्यांनी तुम्हाला चालायला, वाकायला, उठायला लावलं का? दोन्ही बाजूंची ताकद ताडून पाहिली का? घरी करायचे तीन-चार व्यायाम स्वतःसमोर करून घेतले का? नुसता पाच मिनिटांत कागद पाहून यंत्राला जोडलं असेल, तर दुसरीकडे चौकशी करा. व्यायाम जास्त मिळाले म्हणजे उपचार चांगला, असंही नाही. पंधरा व्यायामांचा छापील कागद फ्रिजवर लागतो आणि तिथेच राहतो. तीन नेमके सांगा, असा आग्रह तुम्ही धरायला हरकत नाही.

परतण्याची तारीख विचारणाऱ्यांना मी उलट विचारते, की परत कशाकडे? गिअरच्या स्कूटरवर बसायचं असेल, तर अचानक थांबल्यावर दुखऱ्या पायाने गाडी तोलता येते का, ते आधी बंद गाडीवर पाहा. शेतात उतरायचं असेल, तर नांगरलेल्या ढेकळांतून चालून पाहा. फरशीवरचं चालणं त्याला पुरत नाही. उन्हाळ्यात पाय मुरगळलेला एखादा वारकरी आषाढीचं विचारतो, तेव्हा एका दमात किती चालता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाय कसा असतो, हे त्याने वहीत लिहायचं असतं. सकाळ ठीक असेल तर दर दोन दिवसांनी थोडं अंतर वाढवायचं. सलग दोन दिवस लांब चालून तिसऱ्या सकाळी घोटा सुजला नाही, की मग खांद्यावर पिशवी घेऊन चालायला लागायचं, आणि तेही वारीत घालायच्याच चपला घालून.